उघडण्याआधीच चाललेली फाइल : स्टक्सनेटचा इतिहास आणि भारत

जून २०१० मध्ये बेलारूसची राजधानी मिन्स्क येथील व्हायरसब्लॉकअडा या लहानशा संगणक-सुरक्षा कंपनीकडे इराणमधून एक तक्रार आली. संगणक काही कारण नसताना पुन्हा पुन्हा बंद पडून आपोआप सुरू होत होता. कंपनीतील तंत्रज्ञ सर्गेई उलासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा या बिघाडामागे एक अपरिचित प्रोग्रॅम सापडला. त्याच्या प्रसाराची रीत चमत्कारिक होती. पेन ड्राइव्ह संगणकाला जोडायचा आणि त्यातील फाइलींची यादी पडद्यावर पाहायची, एवढे त्याला पुरत असे. कोणतीही फाइल उघडावी लागत नव्हती, कशावरही क्लिक करावे लागत नव्हते. तोवरच्या सर्व सुरक्षा-दुरुस्त्या बसवलेले विंडोजही त्याला अडवू शकत नव्हते.

हाच पुढे जगभर गाजलेला स्टक्सनेट. इराणमधील नातान्झ येथील युरेनियम समृद्धीकरण केंद्र हे त्याचे लक्ष्य होते, हे कालांतराने अनेक तज्ज्ञांच्या विश्लेषणातून स्पष्ट झाले. अमेरिका आणि इस्रायल यांनी मिळून तो घडवला, असे वृत्त जून २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिले. दोन्ही सरकारांनी अधिकृत कबुली कधीच दिली नाही. या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून साधा, पण विज्ञानाच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचा आहे. बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या कारखान्यात हा प्रोग्रॅम शिरला कसा? त्याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर तो शब्द आहे 'फाइल'.

हा इतिहास आपल्याही देशाचा आहे. सिमँटेक या कंपनीच्या मोजणीनुसार २९ सप्टेंबर २०१० पर्यंत जगभरातील सुमारे १ लाख संगणक बाधित झाले होते. त्यांत इराणचा वाटा ५८.८५ टक्के, इंडोनेशियाचा १८.२२ टक्के आणि भारताचा ८.३१ टक्के होता. म्हणजे या यादीत भारत तिसरा होता. ज्या शस्त्राचा नेम आपल्यावर नव्हता, त्याचे शिंतोडे आपल्याकडे एवढ्या प्रमाणात का उडाले, हे समजून घेण्यासाठी आधी कारखान्यातील संगणकाची रचना पाहावी लागेल.

कोणत्याही आधुनिक कारखान्यात, जलशुद्धीकरण केंद्रात किंवा वीजकेंद्रात पंप, झडपा आणि मोटारी यांवर प्रत्यक्ष हुकूम चालवणारी एक छोटी पेटी असते. तिला प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी म्हणतात. तापमान किती, दाब किती, वेग किती, ही माहिती तिला संवेदकांकडून मिळते आणि आत साठवलेल्या सूचनांनुसार ती यंत्रांना आज्ञा देते. या सूचना लिहायच्या कोठे? पीएलसीला स्वतःचा पडदा किंवा कळफलक सहसा नसतो. त्यामुळे अभियंता विंडोजवर चालणाऱ्या एका वेगळ्या संगणकावर त्या लिहितो, तपासतो आणि मग पीएलसीत उतरवतो. सीमेन्स या जर्मन कंपनीच्या पीएलसींसाठी त्या काळी वापरात असलेले सॉफ्टवेअर म्हणजे 'स्टेप ७'. त्यात केलेले काम 'प्रोजेक्ट' या नावाने एका फोल्डरमध्ये साठते. हा फोल्डर म्हणजे त्या यंत्रणेची कुंडलीच. कोणती झडप कधी उघडावी, कोणती मोटार किती वेगाने फिरावी, सर्व काही त्यात असते.

सुरक्षेच्या दृष्टीने हा फोल्डर विचित्र जागी उभा आहे. पीएलसी कारखान्याबाहेर जात नाही, तिचे जाळेही बाहेरच्या जगाला जोडलेले नसते. प्रोजेक्ट मात्र सतत प्रवास करतो. यंत्रणा उभारणारी कंपनी तो तयार करते, कंत्राटदार त्यात बदल करतो, कारखान्यातील अभियंता तो पेन ड्राइव्हवर घेऊन यंत्रापाशी जातो, देखभालीचा ठेका बदलला की तो नव्या माणसाकडे सुपूर्द होतो. विलग ठेवलेल्या यंत्रणेभोवतीची भिंत कितीही उंच असली, तरी या फोल्डरसाठी तिला दार ठेवावेच लागते. स्टक्सनेटच्या कर्त्यांनी भिंत फोडण्याच्या भानगडीत न पडता हे दार हेरले.

आता त्या पेन ड्राइव्हकडे वळू. विंडोजमध्ये 'शॉर्टकट' नावाच्या छोट्या फाइली असतात. मूळ फाइल कोठे आहे आणि तिच्यासाठी कोणते चित्र दाखवायचे, एवढीच नोंद त्यांत असते. बहुतेक शॉर्टकटांच्या बाबतीत चित्र मिळवणे निरुपद्रवी काम आहे. परंतु कंट्रोल पॅनेलमधील घटकांच्या शॉर्टकटांसाठी वेगळी सोय केलेली होती. त्यांचे चित्र ज्या प्रोग्रॅम-फाइलीत असे, ती फाइल विंडोज स्मृतीत चढवून तिच्याकडूनच चित्र मागून घेई. अशी फाइल स्मृतीत चढवणे म्हणजे तिच्यातील सुरुवातीच्या सूचना चालवणेच होय. स्टक्सनेटच्या शॉर्टकटाने चित्राचा पत्ता म्हणून पेन ड्राइव्हवरील स्वतःच्याच एका फाइलीकडे बोट दाखवले. तिचे नाव वरवर पाहता एखाद्या तात्पुरत्या, टाकाऊ फाइलीचे वाटावे असे होते. यादी पडद्यावर आली, विंडोज चित्र आणण्यासाठी धावले आणि चित्राऐवजी हल्लेखोराच्या सूचना चालू झाल्या. त्या सूचनांनी पहिले काम केले ते या साऱ्या फाइली यादीतून अदृश्य करण्याचे.

आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर हुंडीचे दोन प्रकार ओळखीचे होते. दर्शनी हुंडी दाखवताच तिची रक्कम चुकती करावी लागे. शाहाजोग हुंडीची रक्कम मात्र बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या माणसालाच मिळे. त्यामुळे हुंडी खोटी निघाली तर कोणाला धरायचे, हे पेढीवाल्याला ठाऊक असे. विंडोजने शॉर्टकटाला दर्शनी हुंडीचा दर्जा दिला होता आणि त्यावरची सहीसुद्धा पाहिली नव्हती. फाइल नजरेस पडली, एवढ्यावर तिचा हुकूम वटत होता.

फाइल ही निव्वळ माहिती आहे, असा संगणक वापरणाऱ्या बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एखादी फाइल माहिती आहे की आज्ञा आहे, हे ती वाचणारा प्रोग्रॅम ठरवतो. स्टक्सनेटच्या जून २००९ मधील आवृत्तीत याचे आणखी नमुनेदार उदाहरण सापडते. त्या आवृत्तीत शॉर्टकटाची युक्ती नव्हती. तिच्यात पेन ड्राइव्ह जोडताच काय सुरू करायचे हे विंडोजला सांगणारी 'ऑटोरन' नावाची सूचना-फाइल वापरली होती. तीच एक फाइल दोन प्रकारे वाचता येत होती. सूचना-फाइल म्हणून वाचली तर तिच्या शेवटी नीट लिहिलेल्या ओळी होत्या. चालवण्याचा प्रोग्रॅम म्हणून वाचली तर ती पूर्ण प्रोग्रॅम होती. सूचना शोधताना न समजणारा मजकूर विंडोज मुकाट्याने ओलांडून जाई. त्या मुकाट्याने ओलांडण्यातच हल्ल्याला जागा मिळाली. शॉर्टकटाची युक्ती मार्च २०१० च्या आवृत्तीत आली.

एवढ्याने स्टक्सनेट विंडोजमध्ये पोहोचला. त्याला जायचे होते पीएलसीपर्यंत, आणि तेथे औद्योगिक सॉफ्टवेअरमधील त्रुटी कामी आली. ती समजण्यासाठी डीएलएल हा शब्द ठाऊक हवा. अनेक प्रोग्रॅमना लागणारी समाईक कामे वेगळ्या फाइलींत लिहून ठेवतात आणि गरज पडेल तेव्हा त्या फाइली नावाने बोलावतात. या फाइली म्हणजे डीएलएल. नाव घेऊन बोलावल्यावर त्या नावाची फाइल कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची, याचा एक क्रम ठरलेला असतो. ज्या फोल्डरात ती आधी सापडेल, तेथील उचलली जाते. ती खरी आहे का, तिचा कर्ता कोण, हे विचारले जात नाही.

स्टेप ७ प्रोजेक्ट उघडताना अशा काही डीएलएल शोधत असे. आधी स्वतःच्या स्थापनेचा फोल्डर, मग विंडोजचे फोल्डर आणि तेथे नाव न सापडल्यास शेवटी त्या प्रोजेक्टमधलेच काही उपफोल्डर, असा तो शोध चाले. म्हणजे ज्या जागी केवळ अभियंत्याची माहिती असायला हवी, त्या जागी मिळालेला प्रोग्रॅमही स्टेप ७ आपला मानून चालवत होते. स्टक्सनेट बाधित संगणकावरील प्रोजेक्ट शोधून काढी आणि त्यांच्या उपफोल्डरांत योग्य नावाची एक डीएलएल ठेवून देई. पुढे तो प्रोजेक्ट ज्या संगणकावर उघडला जाई, तो संगणक बाधित होई. अभियंत्याने काहीही चुकीचे केलेले नसे. त्याने स्वतःचेच काम उघडलेले असे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये सिमँटेकने स्टक्सनेटच्या त्याहून जुन्या एका आवृत्तीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तिला त्यांनी ०.५ असा क्रमांक दिला. तिची जुळवाजुळव २००५ मध्येच सुरू झाल्याच्या खुणा त्यात होत्या. या आवृत्तीत विंडोजमधील एकही त्रुटी वापरलेली नव्हती. तिचा प्रसार होत होता तो केवळ स्टेप ७ च्या प्रोजेक्ट-फाइलींतून. स्टक्सनेटचा उल्लेख आला की विंडोजमधील चार अज्ञात त्रुटींची कथा सांगितली जाते. ती खरीच आहे. परंतु इतिहासाच्या क्रमाने पाहिले, तर कारखान्याकडे जाणारी पहिली वाट औद्योगिक सॉफ्टवेअरच्या फाइल हाताळणीतून गेली होती. विंडोजमधील त्रुटी नंतर जोडल्या गेल्या, आणि त्यांच्यामुळे प्रसार वाढून अखेर हे प्रकरण उघडकीस आले.

पीएलसीशी संवाद साधणाऱ्या संगणकावर पोहोचल्यावर स्टक्सनेट काय करी? स्टेप ७ आणि पीएलसी यांच्यातील सारे बोलणे एका डीएलएलमधून होत असे. स्टक्सनेट तिचे नाव बदलून तिला बाजूला सारी आणि तिच्या जागी स्वतः बसे. अभियंत्याने पीएलसीतील सूचना पाहायला मागितल्या, तर हा मध्यस्थ त्यातील स्वतःच्या सूचना गाळून उरलेल्या दाखवी. नवा प्रोग्रॅम उतरवायला दिला, तर त्यात आपली भर घाली.

मात्र ही भर तो सरसकट घालत नसे. ठरावीक दोन कंपन्यांचे, एक फिनलंडमधील आणि एक इराणमधील, वारंवारता-परिवर्तक जोडलेले आहेत का आणि ते ८०७ ते १२१० हर्ट्झच्या दरम्यान चालत आहेत का, हे तो आधी पाही. युरेनियमचे समस्थानिक वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या मोटारी अशा उच्च वारंवारतेवर चालतात. अट जुळली, की दीर्घ प्रतीक्षेनंतर तो वारंवारता १४१० हर्ट्झपर्यंत चढवी, पुढे आठवड्यांच्या अंतराने ती २ हर्ट्झपर्यंत खाली आणी आणि मग १०६४ हर्ट्झवर पूर्ववत करी. सेंट्रिफ्यूजची नळी इतक्या वेगाने फिरते, की असा चढउतार तिला सोसत नाही. दुसऱ्या प्रकारच्या पीएलसीसाठी लिहिलेल्या भागात संवेदकांची २१ सेकंदांची सुस्थितीतील आकडेवारी नोंदवून तीच पुन्हा पुन्हा दाखवण्याची सोय होती. नातान्झमध्ये सुमारे १००० सेंट्रिफ्यूज बदलावे लागले असावेत, असा अंदाज पुढे अभ्यासकांनी मांडला.

आता भारताकडे येऊ. स्टक्सनेटची बातमी फुटली त्याच सुमारास, ७ जुलै २०१० रोजी, इन्सॅट-४ब या भारतीय उपग्रहाच्या सौर पंखांपैकी एकाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. सप्टेंबरमध्ये परदेशातील एका विश्लेषकाने हा स्टक्सनेटचा प्रताप असू शकेल, अशी शंका लिहिली आणि ती आपल्या वृत्तपत्रांतून झपाट्याने पसरली. इस्रोने तिचे खंडन केले. स्टक्सनेट पीएलसीला लक्ष्य करतो आणि उपग्रहात पीएलसीच नाही, हे त्या खंडनातील मर्म होते. हल्ल्याची यंत्रणा समजून घेतली असती, तर ही शंका छापण्यापूर्वीच विरली असती. संगणक-सुरक्षेच्या बातम्या वाचताना विद्यार्थ्यांनी एक सवय लावून घ्यावी: हल्ला झाला का, याआधी तो कोणत्या मार्गाने होऊ शकतो हे विचारावे.

सिमँटेकच्या आकड्यांतही असाच एक धडा आहे. सर्व बाधित संगणकांत भारताचा वाटा आठ टक्क्यांहून अधिक होता. परंतु ज्या बाधित संगणकांवर सीमेन्सचे सॉफ्टवेअर बसवलेले होते, केवळ तेवढेच मोजले, तर भारताचा वाटा सुमारे दोन टक्क्यांवर येतो आणि इराणचा ६७ टक्क्यांच्या पुढे जातो. भारतातील बहुसंख्य संगणक हे लक्ष्य नव्हते, ते वाटसरूच्या मुक्कामासारखे होते. तरीही एका दूरच्या देशातील कारखान्यासाठी लिहिलेली फाइल आपल्या टेबलावर येऊन चालली, ही गोष्ट उरतेच. तिच्यात अटी नसत्या, तर तिने कोणती मोटार आपली आहे आणि कोणती परकी, हे पाहिले नसते. आपण वाचलो ते हल्लेखोराच्या काटेकोरपणामुळे, आपल्या सावधपणामुळे नव्हे.

यानंतरचा इतिहास दुरुस्त्यांचा आहे आणि तो अधिक विचार करायला लावणारा आहे. मायक्रोसॉफ्टने २ ऑगस्ट २०१० रोजी शॉर्टकटाच्या त्रुटीवरील दुरुस्ती तातडीने प्रसिद्ध केली. त्याच महिन्यात, डीएलएल चुकीच्या फोल्डरातून उचलली जाण्याचा धोका असंख्य प्रोग्रॅमना आहे, असा सर्वसाधारण इशाराही तिने दिला. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही पेन ड्राइव्हवरील ऑटोरन बंद करण्यात आले. स्टेप ७ मधील प्रोजेक्ट-फोल्डरच्या त्रुटीची अधिकृत सूचना जुलै २०१२ मध्ये निघाली. तिला सीव्हीई-२०१२-३०१५ हा क्रमांक मिळाला आणि ५.५ एसपी१ या आवृत्तीपासून ती दूर झाल्याचे सांगण्यात आले.

इतके झाल्यावर हे प्रकरण मिटायला हवे होते. तसे घडले नाही. शॉर्टकटाची २०१० मधील दुरुस्ती अपुरी होती, हे एका संशोधकाने दाखवून दिले आणि मार्च २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टला ती पुन्हा करावी लागली. जून २०१७ मध्ये शॉर्टकटाच्या चित्राशी निगडित आणखी एक त्रुटी बुजवावी लागली. सात वर्षांत एकाच दाराला तीनदा कुलूप बदलावे लागले. कारण प्रत्येक वेळी दुरुस्ती झाली ती ठरावीक वाटेची. परक्या जागेवरून आलेल्या फाइलीतील सूचना केवळ एक चित्र दाखवण्यासाठी स्मृतीत चढवायच्या, ही मूळ पद्धत मात्र राहिली.

औद्योगिक सॉफ्टवेअरमध्येही हेच दिसते. जून २०१८ मध्ये स्निक या कंपनीच्या संशोधकांनी 'झिप स्लिप' नावाने एका जुन्याच त्रुटीचा व्यापक प्रसार उघड केला. अनेक फाइली एकत्र दाबून भरलेल्या झिप-फाइलीत प्रत्येक फाइलीचे नाव आणि मार्ग लिहिलेला असतो. त्या मार्गात 'एक पायरी वर जा' असा अर्थ असलेली दोन टिंबे पुन्हा पुन्हा लिहिली आणि उलगडणाऱ्या प्रोग्रॅमने ती तपासली नाहीत, तर फाइल नेमून दिलेल्या फोल्डरात न पडता हल्लेखोराला हव्या त्या जागी जाऊन पडते. पीएलसीच्या अनेक सॉफ्टवेअरांत प्रोजेक्ट-फाइल ही आतून झिप-फाइलच असते. चीनमधील शिनजे कंपनीच्या पीएलसी-सॉफ्टवेअरमध्ये क्लॅरोटी या संस्थेच्या संशोधकांना दोन त्रुटी सापडल्या आणि २०२२ मध्ये त्यांचा तपशील प्रसिद्ध झाला. एक त्रुटी झिप स्लिपची होती आणि दुसरी डीएलएल चुकीच्या जागेवरून उचलण्याची. पहिलीच्या मदतीने डीएलएल नेऊन ठेवायची आणि दुसरीच्या मदतीने ती चालवायची, अशी ही जोडी. स्टक्सनेट ज्या वाटेने गेला, तीच वाट दशकभरानंतर दुसऱ्या देशातील दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या संशोधकांनी बाण उलट दिशेनेही फिरवून दाखवला. बिघडलेल्या पीएलसीची तपासणी करण्यासाठी अभियंता तिच्यातील प्रोजेक्ट आपल्या संगणकावर ओढून घेतो. पीएलसीतच विषारी माहिती भरून ठेवली, तर ती वाचताना अभियंत्याचा संगणक ताब्यात घेता येतो. सात उत्पादकांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे शक्य असल्याचे त्यांनी सिद्ध केले. रोग्याला तपासायला आलेला वैद्यच आजारी पडावा, तसा हा प्रकार. पीएलसीकडून आलेली फाइल घरचीच, म्हणून तिची झडती घेण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

या साऱ्या त्रुटींना एकच मूळ आहे. औद्योगिक सॉफ्टवेअर घडत होते तेव्हा कारखाना हे बंद जग होते. तेथील संगणकावरची फाइल तेथीलच माणसाने लिहिलेली असणार, हे गृहीत धरणे त्या काळी अवाजवी नव्हते. फाइल कोठे ठेवली आहे, हीच तिची ओळख ठरली. पुढे कंत्राटदार आले, पेन ड्राइव्ह आले, दूरस्थ देखभाल आली. परंतु 'माझ्या फोल्डरात आहे म्हणजे माझीच आहे' हे जुने गृहीतक सॉफ्टवेअरच्या पोटात तसेच राहिले. कारखान्यातील यंत्रणा वीस-वीस वर्षे चालतात. दुरुस्ती बसवायची तर उत्पादन थांबवण्याचा मुहूर्त शोधावा लागतो, बसवण्याआधी चाचणी घ्यावी लागते. त्यामुळे गृहीतकाचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याएवढे होते.

भारतात या प्रश्नाची जाणीव संस्थांच्या रूपाने हळूहळू आकाराला आली. संगणकीय आणीबाणीसाठी सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था २००४ पासून काम करत होती. वीज, वाहतूक, बँका अशा महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांच्या माहिती-संरक्षणासाठी वेगळे राष्ट्रीय केंद्र जानेवारी २०१४ मध्ये अधिसूचित झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीजकेंद्राच्या संदर्भात सर्ट-इनने एका घातक प्रोग्रॅमची सूचना दिली. ऑक्टोबरअखेर बातमी फुटल्यावर केंद्राने आधी सांगितले, की नियंत्रण-यंत्रणा स्वतंत्र असून बाहेरच्या जाळ्याशी जोडलेली नाही, म्हणून तिच्यावर हल्ला शक्य नाही. दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबर रोजी, मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले, की प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकावर तो प्रोग्रॅम आढळला होता. अणुकेंद्राच्या यंत्रणांवर परिणाम झालेला नाही, हेही महामंडळाने स्पष्ट केले.

कुडनकुलमचा प्रोग्रॅम माहिती चोरणारा होता. स्टक्सनेटशी त्याचा संबंध नव्हता. तरीही पहिल्या दिवशीच्या त्या युक्तिवादाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यायला हवे. विलगीकरण हे मोठे संरक्षण आहे, यात वाद नाही. पण नातान्झदेखील विलगच होते. तारा तोडल्याने जाळे तुटते; फाइलींची ये-जा थांबत नाही, कारण ती थांबली तर कारखानाच थांबेल. त्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने अशा घटनांची माहिती सहा तासांत देणे बंधनकारक केले. घटना लपवण्याऐवजी कळवण्याकडे झालेला हा प्रवास स्वागतार्ह आहे.

नियम आवश्यक आहेत, पण मूळ काम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हातात आहे आणि ते अवघड नाही. माहितीच्या फोल्डरातून प्रोग्रॅम कधीही उचलू नये. डीएलएल पूर्ण पत्त्यानिशी बोलवावी आणि तिच्यावरील डिजिटल सही पडताळावी. सहीसुद्धा डोळे मिटून मानू नये. स्टक्सनेटच्या काही घटकांवर तैवानमधील दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. झिप-फाइल उलगडताना प्रत्येक फाइल नेमक्या फोल्डरातच पडते आहे, याची खात्री करावी. प्रोजेक्ट वाचणाऱ्या भागाला संगणकाचे कमीत कमी अधिकार द्यावेत. कारखान्यात बाहेरून आलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी वेगळ्या संगणकावर तपासावा. पीएलसीत खरोखर काय आहे, हे त्याच अभियांत्रिकी संगणकाला न विचारता स्वतंत्र साधनाने, सीलबंद प्रतीशी ताडून पाहावे.

एक गोष्ट शेवटी आवर्जून सांगायला हवी. अशा घटना घडल्या, की चौकशीचा रोख पेन ड्राइव्ह लावणाऱ्या माणसाकडे वळतो. प्रशिक्षणाची परिपत्रके निघतात, यूएसबीची खोबण चिकटपट्टीने बंद केली जाते आणि रात्रपाळीच्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याकडून खुलासा मागितला जातो. स्टक्सनेटच्या इतिहासाने या सवयीला उत्तर देऊन ठेवले आहे. त्या अभियंत्याने फाइलींची यादी पाहिली होती, आपला प्रोजेक्ट उघडला होता, पीएलसीतील सूचना तपासल्या होत्या. ही तिन्ही त्याची कर्तव्ये होती. पाहणे, उघडणे आणि तपासणे या क्रियांनाच ज्यांनी हुकूम मानण्याची क्रिया बनवली, त्या रचनेची ती चूक होती. आज अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी उद्या याच दोन खुर्च्यांवर बसणार आहेत. कोणी सॉफ्टवेअर लिहील, तर कोणी ते यंत्रापाशी बसून चालवील. दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला आपले काम निर्धास्तपणे उघडता यावे, ही पहिल्या खुर्चीवरच्या माणसाची जबाबदारी आहे.